देवाच्या नावचा उतारा

सरकारदरबारी देव आहे, याविषयी कोणी शंका बाळगू नये. आमची सारी हयात महसुलाच्या दप्तरात गेली आणि त्या दप्तरात मारुती, कलमेश्वर, लक्ष्मी, रेणुका ही नावे शेतजमिनीच्या उताऱ्यांवर आम्ही असंख्य वेळा वाचली. कायद्याच्या दृष्टीने देवमूर्ती ही व्यक्ती आहे. तिला मिळकत धारण करता येते, दावा लावता येतो, तिच्यावर दावा लावताही येतो. मात्र ती स्वतः बोलत नसल्यामुळे कायदा तिला अज्ञान मुलासारखी वागवतो आणि तिच्या वतीने दुसरा कोणी माणूस बोलतो. ‘अज्ञान’ हा आमच्या जुन्या मराठी दप्तरातला शब्द. जो सज्ञान नाही तो अज्ञान. भक्ताच्या लेखी जो सर्वज्ञ, तोच दप्तराच्या लेखी अज्ञान! या दोन्ही गोष्टी एकाच गावात सुखाने नांदतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

९ नोव्हेंबर २०१९ रोजी अयोध्येच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने रामलल्ला विराजमान यांचे कायदेशीर व्यक्तित्व मान्य केले आणि जन्मस्थानाच्या भूमीला मात्र तसे व्यक्तित्व देण्याचे नाकारले. हे व्यक्तित्व भक्तांच्या धार्मिक हेतूच्या रक्षणासाठी कायद्याने निर्माण केलेले आहे, असा त्यामागचा विचार आहे. देव खरोखर आहे काय, हा प्रश्न न्यायालयाने सोडवला नाही. तो त्याच्यापुढे नव्हताच. उताऱ्यावर नाव लागणे ही एक गोष्ट आणि शेतात माणूस उभा असणे ही दुसरी, हे महसूल खात्यातल्या नवख्या कारकुनालाही कळते. आमच्या विद्वान वक्त्यांना ते कळत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या हिवाळ्यात सीमाभागातल्या एका गावी आम्ही व्याख्यान ऐकावयास गेलो होतो. गावाचे आणि वक्त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण असे वक्ते आता गावोगाव आहेत. विषय होता ईश्वराचे अस्तित्व. वक्त्याने पाऊण तास तर्काची आतषबाजी केली. घड्याळ आहे त्याअर्थी घड्याळजी आहे, जग आहे त्याअर्थी जगाचा कर्ता आहे, आणि आता तर विज्ञानानेही हे मान्य केले आहे, असे त्याने सांगितले. शेवटी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी उठली आणि तिने नम्रपणे विचारले, “प्रत्येक गोष्टीला कर्ता लागतो, तर देवाला का लागत नाही?” वक्ते हसून म्हणाले, “बाळ, खाली बस. श्रद्धेच्या ठिकाणी प्रश्न विचारायचे नसतात.” सभागृहात टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली.

त्या टाळ्यांना आमचा आक्षेप आहे. पाऊण तास बुद्धीला आवाहन करायचे आणि बुद्धीने पहिला प्रश्न विचारताच श्रद्धेच्या आडोशाला जायचे, याला वाद म्हणत नाहीत. देवाला वादात आणावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण एकदा आणले की वादाचे नियम देवाच्या पक्षालाही लागू होतात. त्यातला पहिला नियम असा, की जो विधान करतो त्याने ते सिद्ध करावे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे तत्त्व होते आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. दुसरा नियम असा, की निकाल विरुद्ध गेला तर तो मुकाट्याने मानावा.

आता वक्त्याचा पुरावा तपासू. घड्याळाचा दाखला विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ साली दिला, पण आमच्याकडे तो त्याच्या कितीतरी शतके आधीपासून मडक्याच्या रूपाने होता. दहाव्या शतकाच्या सुमारास मिथिलेत उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ केवळ ईश्वरसिद्धीसाठी रचला. त्यांच्या युक्तिवादांतला पहिला असा: मडके हे कार्य आहे, त्याला कुंभार लागतो, पृथ्वी, पर्वत हीदेखील कार्ये आहेत, म्हणून त्यांनाही बुद्धिमान कर्ता असला पाहिजे. हा युक्तिवाद पेलीच्या घड्याळापेक्षा कमी दर्जाचा नाही. मांडणी तर अधिक शिस्तीची आहे.

परंतु वाचकांनी एकदा खानापूरला जाऊन कुंभाराचे काम पाहावे. कुंभार माती घडवतो. माती निर्माण करत नाही. माती त्याच्याही आधी असते. नैयायिकांना हे ठाऊक होते आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे मान्यही केले. त्यांच्या मते परमाणू अनादी आहेत. ईश्वर त्यांची जुळणी करतो. म्हणजे सारा खटाटोप करून हाती आला तो कुशल कारागीर. ज्याने शून्यातून सर्व उत्पन्न केले असे वक्ते सांगतात, तो सर्वशक्तिमान यात कोठे आहे? शिवाय कुंभाराला हात असतात, चाक असते आणि पोट असते म्हणून तो मडकी करतो. जगाच्या कर्त्याला यांपैकी काय आहे? आणि मोठे काम एकट्याने होते, असे तरी कोणी सांगितले? पुण्याहून बंगळूरला जाणारा महामार्ग आमच्या दारावरून जातो. तो हजारो हातांनी झाला. जगासारखे प्रचंड कार्य एकाच कर्त्याने केले, हे मडक्यावरून कसे सिद्ध व्हावे?

एकच कर्ता कशावरून, ही शंका कोणा पाखंड्याची आहे असे समजू नये. श्रीरामानुजाचार्यांनी ‘श्रीभाष्या’त ईश्वराच्या अनुमानाची जी चिकित्सा केली, तिच्यात अनेक कर्ते का असू नयेत हा मुद्दा आहे. ज्यांनी सारे आयुष्य नारायणाच्या चरणी वाहिले त्या आचार्यांनी अनुमानाने ईश्वर सिद्ध होत नाही, तो शास्त्रावरूनच कळतो, अशी भूमिका घेतली. त्यांच्याही आधी सातव्या शतकात कुमारिल भट्टांनी, वेदांचा एवढा कैवारी असूनही, जगाचा कर्ता मानण्याचे कारण नाही असे ‘श्लोकवार्तिका’त प्रतिपादन केले. म्हणजे देवाचे पुरावे मोडणारे सारे देवाधर्माचे शत्रू, हा समज आमच्या परंपरेच्या अज्ञानातून आलेला आहे. हे अज्ञान मात्र दप्तरातले नव्हे, खरेखुरे.

आमच्या भागात तर हा वाद पोथीतही शोधावा लागत नाही. बेळगावच्या किल्ल्यात कमल बसदी आहे. रट्टांचा मंत्री बिचिराज याने ती १२०४ साली बांधवली. आजही तेथे नेमिनाथांचे दर्शन घेणारे आमचे जैन शेजारी जगाचा कर्ता मानत नाहीत. नवव्या शतकात, याच कर्नाटकावर राज्य करणाऱ्या अमोघवर्षाला ज्यांच्याविषयी गुरुभाव होता त्या जिनसेनाचार्यांनी ‘आदिपुराणा’त कर्तृत्ववाद्यांना प्रश्नांच्या फैरीत धरले आहे. सृष्टी नव्हती तेव्हा कर्ता कोठे उभा होता? साहित्य कोठून आणले? पूर्णकाम असेल तर निर्माण करण्याची इच्छा का झाली, आणि अपूर्ण असेल तर तो ईश्वर कसा? व्याख्यानातल्या मुलीचा प्रश्न अकराशे वर्षांपूर्वी याच मातीत विचारला गेला होता आणि विचारणाऱ्याला कोणी ‘बाळ, खाली बस’ म्हटले नव्हते. निपाणीपासून बेळगावपर्यंत कर्त्याला मानणारे आणि न मानणारे एकमेकांच्या लग्नात जेवतात, एकमेकांच्या तिरडीला खांदा देतात. ईश्वर न मानल्यास नीती बुडेल, हे भाकीत ज्यांना करायचे असेल त्यांनी आधी आपल्या जैन शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाहून ते करावे.

मग उरते आदिकारण. प्रत्येक घटनेला कारण असते, कारणांची साखळी अनंत मागे नेता येत नाही, म्हणून पहिले कारण मानावे, त्यालाच ईश्वर म्हणावे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी युरोपात हा विचार पद्धतशीर मांडला. अकराव्या शतकात इराणातल्या तूसचे अल गझाली यांनी, विश्वाला प्रारंभ आहे त्याअर्थी त्याला कारण आहे, अशा स्वरूपात तो मांडला होता. पण ज्या नियमाच्या शिडीने आपण वर चढलो, ती वर पोहोचताच लाथेने पाडता येत नाही. सर्वाला कारण हवे असेल तर ईश्वरालाही हवे. एखादी गोष्ट विनाकारण असू शकत असेल तर ते विश्वच का नसावे? ईश्वर नित्य आहे म्हणून त्याला कारण नको, असे उत्तर देतात. ते उत्तर विचारार्ह आहे. परंतु नित्य असे काही तरी आहे एवढेच त्यातून निघते. त्याला ज्ञान आहे, इच्छा आहे, आमच्या नवसाची त्याला वार्ता आहे, यातले काहीही निघत नाही.

येथे वक्ते विज्ञानाला साक्षीस बोलावतात. विश्व १३८० कोटी वर्षांपूर्वी महास्फोटातून सुरू झाले, म्हणजे प्रारंभ सिद्ध झाला, म्हणजे देव सिद्ध झाला! या साक्षीदाराची हकिकत ऐकण्यासारखी आहे. महास्फोटाच्या कल्पनेचे एक जनक जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्याच वेळी कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या विज्ञानात सृष्टिकर्त्याचा पुरावा दिसतो अशा आशयाचे भाषण केले, तेव्हा अस्वस्थ झाले ते खुद्द लमेत्र. विज्ञानाच्या सिद्धान्ताला धर्माच्या कामाला जुंपू नये, अशी त्यांची भूमिका होती. प्रार्थना करणाऱ्या त्या गृहस्थाला ठाऊक होते, की आज सिद्धान्तावर देव उभा केला तर उद्या सिद्धान्त बदलताच देवाला घर सोडावे लागेल. २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला तेव्हा आमच्या वर्तमानपत्रांनी ‘देवकण’ म्हणून मथळे दिले आणि अनेकांना देव सापडल्याचा आनंद झाला. त्या कणाचा देवाशी टोपणनावापलीकडे काही संबंध नाही.

अकराव्या शतकात अ‍ॅन्सेल्म यांनी एक अजब युक्ती काढली होती. ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही तो ईश्वर. असा ईश्वर केवळ कल्पनेत असला तर प्रत्यक्ष असलेला त्याहून थोर ठरेल. म्हणून तो प्रत्यक्ष असलाच पाहिजे. या युक्तीने थोर थोर तत्त्वज्ञ चकले आहेत. १७८१ साली कांटने दाखवून दिले की ‘असणे’ हा वस्तूच्या गुणांत भर घालणारा गुण नव्हे. आम्हास ते दप्तराच्या भाषेत बरे कळते. बारमाही पाण्याची, काळ्या कसदार मातीची जमीन आम्ही कागदावर हवी तशी वर्णिली आणि शेवटी ‘अशी जमीन आहे’ असे लिहिले, म्हणून मोजणीदाराच्या साखळीखाली एक गुंठाही येत नाही.

आता ज्याच्यापुढे आम्ही आदराने थांबतो अशा पुराव्याकडे येतो. बेळगावच्या हिंदवाडीत गुरुदेव रानडे मंदिर आहे. प्रा. रामचंद्र दत्तात्रेय रानडे (१८८६–१९५७) हे जमखंडीत जन्मलेले, अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवून तेथे कुलगुरुपदापर्यंत पोहोचलेले आणि निंबाळच्या आश्रमात नामस्मरणात देह ठेवलेले आमच्या भागाचे थोर पुरुष. उपनिषदांवर, महाराष्ट्रातील संतांवर आणि कन्नड संतांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. मराठी आणि कन्नड ही भांडणाची निमित्ते झालेल्या या भूमीत एका माणसाने दोन्ही भाषांच्या संतांना एका पंक्तीला बसवले, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ईश्वर हा तर्काने गाठायचा निष्कर्ष नसून साक्षात्काराचा विषय आहे. आणि देशोदेशींच्या साक्षात्काऱ्यांच्या अनुभवांतले साम्य ही त्याची खूण आहे.

या भूमिकेला प्रामाणिकपणाचा वास आहे, कारण ती मडक्याची सोंगे घेत नाही. तरीही दोन शंका आम्ही नम्रपणे मांडतो. अनुभव ज्याला आला त्याच्यासाठी तो प्रमाण. ज्याला आला नाही त्याने तो कशाच्या बळावर मानावा? आणि ध्यानात खोल उतरलेल्या बौद्ध भिक्षूला, जैन मुनीला जी परम शांती लाभते, तिच्यात सृष्टिकर्ता नसतो. अनुभव सारखा आणि अर्थ वेगळा, असे असेल तर अर्थ अनुभवातून आला की परंपरेतून, हा प्रश्न उरतोच. गुरुदेवांसारखा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक असा प्रश्न विचारणाऱ्यावर रागावला असता असे आम्हास वाटत नाही.

एका पक्षाची उलटतपासणी घेतली. दुसऱ्या पक्षाला मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही. नास्तिकांचा सर्वांत बळकट पुरावा म्हणजे दुःख. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गणेशविसर्जन आटोपून झोपलेल्या किल्लारी परिसरात भूकंपाने सुमारे दहा हजार माणसे मारली. देव सर्वशक्तिमान आहे आणि दयाळूही आहे, तर त्याने हे का होऊ दिले? पूर्वकर्म म्हणून सांगावे, तर पाळण्यातल्या पोराचे कर्म कोणी पाहिले? आणि कर्मच जर फळ देत असेल तर देव केवळ हिशेब लिहिणारा कारकून ठरतो. कारकुनाला कोणी नवस बोलत नाही. जैनांनी हे ओळखून कारकुनाची जागाच रद्द केली.

हा पुरावा भारी आहे, पण त्याचीही हद्द आखावी. सर्वशक्तिमान आणि परमदयाळू असा देव त्याने अडचणीत येतो. जगाविषयी उदासीन असा कर्ता असेल, तर त्याला या पुराव्याचा धक्काही लागत नाही. शिवाय सारे पुरावे मोडले म्हणजे देवाचा अभाव सिद्ध झाला, असेही नाही. दावा फेटाळला जाणे आणि उलट दावा मंजूर होणे यांत अंतर आहे. आमचे काही बुद्धिवादी मित्र हे अंतर विसरतात आणि पंढरीच्या वाटेवर भिजत चाललेल्या म्हातारीला अडाणी म्हणून मोकळे होतात. त्या म्हातारीने कधी अनुमान केलेलेच नाही. तिचे अनुमान मोडल्याचे श्रेय कोणी घेऊ नये. कृष्णाकाठच्या टेंभू गावी जन्मलेल्या आगरकरांनी ईश्वराच्या प्रश्नावर बुद्धीपुढे कोणाचीही भीड ठेवली नाही. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली आणि १८९५ साली चाळिशीच्या आत देह ठेवला. पण त्यांचा रोख गरीब भक्तावर नव्हता; देवाच्या नावाने विधवेचे केस उतरवणाऱ्या रूढीवर होता.

आम्हास जे मुख्य सांगायचे आहे ते येथून सुरू होते. क्षणभर धरून चाला, की उदयन, अक्वायनस, अ‍ॅन्सेल्म हे सारे जिंकले. जगाला कर्ता आहे, तो नित्य आहे, एक आहे. यावरून काय निघाले? ‘देव आहे’ एवढेच. ‘देवाला अमुक हवे आहे’ हे वाक्य त्यातून कसे निघते? कोणत्याही तत्त्वज्ञाच्या पुराव्यातून ते निघत नाही. व्यवहारात मात्र पहिले वाक्य दाराशी ठेवतात आणि त्याच्या आडून दुसरे वाक्य घरात शिरते. अज्ञान खातेदाराच्या वतीने बोलणारा पालक त्याची जमीन स्वतःच्या घशात घालतो, असे प्रसंग महसूल खात्यात नवे नाहीत. देवाच्या बाबतीत हेच अधिक मोठ्या प्रमाणावर होते, आणि तेथे पालकाला जाब विचारणारा कोणी नसतो.

आमच्या नोकरीच्या उत्तरार्धातली गोष्ट. निपाणी भागातली, बिड्या वळून पोट भरणारी एक वृद्ध बाई माजी देवदासींना मिळणाऱ्या निर्वाहवेतनाचा अर्ज घेऊन आली. नऊ-दहा वर्षांची असताना तिच्या केसांत जट आली. न विंचरलेल्या, न धुतलेल्या केसांचा गुंता तो. पण यल्लम्माचे बोलावणे आले असे घरच्यांना सांगण्यात आले. सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन तिला देवीला सोडली. मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला होता. तिला सोडली तेव्हा त्याला तीसएक वर्षे लोटली होती. कर्नाटकाचा बंदीचा कायदा १९८२ चा. तोपर्यंत तिचे आयुष्य कुस्करून झाले होते. आमच्या यादीत तिचे नाव नव्हते. आम्ही नियमावर बोट ठेवून विचारले, “तुम्हाला देवीला सोडली होती, याला पुरावा काय?”

ती काही वेळ आमच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “साहेब, मला सोडली तवा कुणी पुरावा मागितला न्हवता. आता कसा मागतासा?”

आम्ही निरुत्तर झालो. वरिष्ठांकडे शिफारस लिहिली. ती पुढे कोणत्या टेबलावर अडली हे कळले नाही आणि आम्ही त्याचा नेटाने पाठपुरावा केला नाही, हा दोष आमचा. त्यानंतर आम्ही ईश्वरसिद्धीवर बरेच वाचले. पण त्या बाईने दोन वाक्यांत जे सांगितले ते आम्हास कोणत्याही ग्रंथात सापडले नाही. ज्या क्षणी पुरावा मागायला हवा होता त्या क्षणी साऱ्या गावाने हात जोडले. देवी आहे, याचा पुरावा नव्हे. देवीला हीच पोर हवी आहे, याचा पुरावा. तो मागणारा एक माणूस त्या दिवशी डोंगरावर असता, तर त्या पोरीचे आयुष्य वाचले असते. व्याख्यानाच्या सभागृहात ज्या मुलीला खाली बसवले, ती उद्या असा पुरावा मागणारी बाई झाली असती. आम्ही टाळ्या वाजवून तिला गप्प राहायला शिकवले.

प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवण्याची सवय कोठवर जाते, हे आमच्या भागाला कोणी शिकवायला नको. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. आपला विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे, असे ते वारंवार सांगत. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात वचनसाहित्याचे अभ्यासक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घराच्या दारात मारले. नकाशा उघडून पाहावा. पुणे, कोल्हापूर, धारवाड ही तिन्ही शहरे एकाच रस्त्यावर आहेत. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगावहून धारवाड सुमारे ८०. त्या रस्त्याच्या मध्यावर आम्ही राहतो. तिघांचे विचार एक नव्हते, आणि त्यांतले कित्येक आम्हासही पटत नसत. पण युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर देता येते, एवढे तरी तिघेही मानत.

याच बेळगावात ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद आले होते. आधी ते भाटे वकिलांकडे उतरले आणि मग हरिपद मित्र या वनखात्यातल्या अधिकाऱ्याकडे. हे मित्र सरकारी नोकर आणि स्वभावाने शंकेखोर, म्हणजे आमच्याच जातकुळीचे. त्यांनी पुष्कळ शंका विचारल्या आणि स्वामींनी त्यांना उत्तरे दिली. स्वतः तरुण असताना देव पाहिला आहे काय, असे मोठमोठ्यांना विचारत फिरलेल्या संन्याशाला दुसऱ्याचा प्रश्न अपमान वाटला नाही. श्रद्धा बळकट असेल तर ती प्रश्नाला घाबरत नाही. जी घाबरते तिला श्रद्धा म्हणू नये. ती वहिवाट होय.

उदयनाचार्यांविषयी एक आख्यायिका आहे. पुरीला ते दर्शनास गेले तेव्हा मंदिराचे दार बंद होते. तेव्हा त्यांनी देवाला सुनावले म्हणतात, की ऐश्वर्याच्या मदात माझा अवमान करतोस, पण बौद्ध चालून आले की तुझे अस्तित्व माझ्यावर अवलंबून असते! गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. आम्हास मात्र ती देवासाठी वाईट वाटते. जो देव पंडिताच्या वकिलीवर जगतो, तो खरोखरच अज्ञान खातेदार झाला.

वाचक विचारतील, तुमचे स्वतःचे काय? आमच्या घरी देवघर आहे. तेथे सायंकाळी दिवा लागतो. आई लावीत असे, आता घरातले कोणीतरी लावते, कधी आम्हीही लावतो. त्या दिव्यासाठी आम्ही कोणाकडून अनुमान उसने आणलेले नाही आणि तो दिवा दाखवून कोणाला काही करावयास सांगणारही नाही. ईश्वर सिद्ध झाला असे आम्ही मानत नाही. तो नाही असे सिद्ध झाले, असेही म्हणत नाही. एवढ्यावर आमचे भागते.

साहित्यसंस्थांच्या चालकांना मात्र आमची एक विनंती आहे. ईश्वराच्या अस्तित्वावर व्याख्याने अवश्य ठेवा, दोन्ही बाजूंची ठेवा. फक्त व्याख्यान पाऊण तासाचे असेल तर प्रश्नांनाही पाऊण तास द्या, आणि कोणी मुलगी प्रश्न विचारायला उठली तर तिला उभी राहू द्या.